नळाखालची झारी

त्या घरात तिला धाकटी म्हणत. चाळिशी उलटली, कानांमागचे केस पांढरे झाले, तरी ती धाकटीच, कारण वरच्या मजल्यावर थोरली होती. थोरली दिवसभर मशीनवर लोकांचे कपडे शिवायची. धाकटी तळमजल्याच्या मागच्या खोलीत छापे काढायची. वर मशीनची टकटक, खाली प्रेसच्या चाकाची करकर, आणि या दोन आवाजांच्या मधल्या जिन्यावर दोघींचे सासरे, अण्णा, कठडा धरून चढत-उतरत असायचे.

मागची खोली पूर्वी सायकली आणि मोडक्या खुर्च्यांची होती. प्रेस आणली तेव्हा दाराची चौकट काढावी लागली. "लोकांच्या बायका कपाट मागतात," धाकटीचा नवरा त्या दिवशी म्हणाला, "हिनं रणगाडा आणला." पुढे त्यालाही त्या रणगाड्याचा अभिमान वाटायला लागला, पण जिभेची सवय गेली नाही. खोलीत जिकडे बघावं तिकडे पानं, शेंगा, पिसं, झाडांच्या साली. "सगळ्यांच्या घरातून कचरा बाहेर जातो," तो आल्यागेल्याला सांगायचा. "आमच्याकडे तो मुक्कामाला येतो."

तिची पद्धत साधी होती. ती पानाचं चित्र काढत नसे, पानाकडूनच काढून घेत असे. काचेवर शाई घ्यायची आणि रोलर फिरवत राहायचं. ओल्या वाळूवरून चालल्यासारखी बारीक चरचर ऐकू यायला लागली की शाई तयार. मग पान पालथं घालायचं, कारण शिरा त्याच्या पाठीला असतात. त्यावर रोलर, वर ओलसर कागद, कागदावर जाड लोकरीचा नमदा, आणि मग चाक. पहिला छाप बहुतेक वेळा डागाळलेला येतो. दुसरा खरा. तिसऱ्याला पान दमतं, आणि त्यानंतर ते पान राहतच नाही, काळा लगदा होतो.

शिवाय एक नियम होता. पडलेलं तेवढंच उचलायचं, झाडावरचं काही तोडायचं नाही. सुरुवातीला हा नियम वगैरे नव्हता. लोकांच्या कुंपणातलं तोडलं की आतून कुणीतरी ओरडायचं, म्हणून ती खाली पडलेलं उचलायची. पुढे एका पाहुण्यानं कौतुकानं विचारलं, "तुम्ही तोडत नाही?" ती "नाही" म्हणाली, आणि त्याच्या डोळ्यांतला आदर तिला आवडला. मग ते तिनं इतक्या जणांना सांगितलं की तिचं तिलाच पटलं.

त्या वर्षी एका कलादालनाच्या बाईंनी तिला प्रदर्शनाला बोलावलं. आजवर दहा जणांच्या गर्दीत तिचं एखादं चित्र लागायचं, या वेळी सगळ्या भिंती तिच्या. बाईंना तो नियम फार भावला होता. "हे आपण दारातच मोठ्या अक्षरांत लावू," त्या म्हणाल्या. "आणि समोरच्या भिंतीला एकच काहीतरी लावा. असं, की माणूस थबकला पाहिजे."

माणूस थबकेल असं काही होईना. पडलेली पानं वाळकी, दाबली की चुरा. तिनं ती भिजवून पाहिली, चहाच्या किटलीच्या वाफेवर धरून पाहिली. शिरा नीट उठतच नव्हत्या. शिरा उठायला पानात पाणी लागतं, आणि पाणी असलेलं पान झाडावर असतं. हे तिला पहिल्यापासून ठाऊक होतं.

आता थोरलीच्या अंजिराबद्दल सांगायला हवं.

थोरलीच्या माहेरचं घर पाडलं तेव्हा अंगणातलं, तिच्या आईनं लावलेलं अंजिराचं झाडही गेलं. त्याआधी ती एकदा जाऊन त्याची एक काडी घेऊन आली, ओल्या फडक्यात गुंडाळून, सगळ्या प्रवासात मांडीवर धरून. गच्चीवर कुंडीत लावली. कितीतरी दिवस ती नुसती काडीच. "काठी चांगली आहे," धाकटीचा नवरा म्हणाला, "अण्णांना द्या चालायला." थोरलीनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं. मग काडीला डोळा फुटला, त्यातून एक कोवळी फांदी आली, आणि फांदीच्या टोकाला बोटं पसरलेल्या पंजाएवढं एक पान. बाकीची लहान, पण हे एक असं की बघत राहावं. एकदा वाऱ्यानं ते कडेला फाटलं. थोरलीनं खाली जाऊन सुई आणली आणि त्याला बारीक टाके घातले.

"पानाला टाके घालतं का कुणी?" धाकटीनं विचारलं होतं.

"मग काय करू, पाटी लावू? दुरुस्ती चालू आहे म्हणून?" दातांत दोरा धरून थोरली म्हणाली. "माणसांना घालतात की. हे निदान ओरडत तरी नाही."

पान टिकलं. टाक्यांसकट मोठं झालं.

गच्चीतल्या कुंड्यांना पाणी घालायचं काम अण्णांचं. त्यांनी जन्मभर एका कारखान्याचं भांडार सांभाळलं होतं. हजारो वस्तू, प्रत्येकीची जागा ठरलेली. दिवे गेले तरी अंधारात हात घालून हवा तो स्क्रू काढून द्यायचे म्हणे. हल्ली माणसांची नावं सुटायची, चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधायचे, पण वस्तूची जागा कधी चुकली नाही. पाणी घालून झालं की पत्र्याची झारी गच्चीच्या कोपऱ्यातल्या नळाखाली, मूठ भिंतीकडे. रोज. त्यावरून घरात चेष्टा व्हायची. "झारीला झोप लागली का अण्णा?" थोरली विचारायची. "पांघरूण घालून आलो," अण्णा म्हणायचे.

त्या दुपारी थोरली शिवलेले कपडे पोचवायला गेली होती. अण्णा खाली झोपले होते. धाकटी दोरीवरचे टिपकागद काढायला गच्चीवर गेली आणि परत फिरताना उन्हाच्या आड ते पान आलं. प्रत्येक शीर उजेडात उठून दिसत होती, नदीला नाले मिळावेत तशी. ती जवळ गेली. नुसतं बघायला, असं तिनं मनाशी म्हटलं. मग पालथं करून बघायला. मग देठाशी नख लावून, एवढं एकच, नवीन येईल की. अंजिराचा देठ चिवट असतो. तिनं ओढलं, आणि पानाबरोबर कोवळी फांदीच काडीपासून सोलून खाली आली. जखमेतून पांढरा चीक गळायला लागला.

फांदी परत काडीला टेकवून पाहिली, जशी काही ती चिकटणार होती. मग तिनं पान वेगळं केलं, फांदी कुंडीजवळ टाकली, आणि निघताना नळाखालची झारी पायानं सरकवली. कुंडीपर्यंत. पत्रा फरशीवर घासल्याचा आवाज झाला. हे आपण का केलं असं तिनं स्वतःला विचारलं नाही. खाली आली, सुईनं टाके उसवले, आणि रोलर हातात घेतला.

दुसरा छाप असा आला की तिच्या तोंडून हुं निघालं. काळ्याभोर पंजात प्रत्येक शीर जिवंत. फाटल्या जागी एक पांढरी रेघ आणि तिच्या दोन्ही बाजूंना बारीक ठिपके, सुईची भोकं. कागद काही लपवत नाही, हे तिनंच कितीदा लोकांना सांगितलं होतं. ते ठिपके तिला दिसले. पण भिंतीवर टांगलेल्या पानाला नाक लावून कोण बघतं, असं तिला वाटलं.

संध्याकाळी थोरली गच्चीवर गेली ती बराच वेळ आलीच नाही. आली तेव्हा हातात वाळायला लागलेली फांदी होती. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"अण्णा, आज झाडांना पाणी घातलंत?"

"सकाळी घातलं."

"दुपारी वर गेला होता?"

अण्णांनी आठवून पाहिलं. "नसेन गेलो," ते म्हणाले. मग, "का गं?"

"झारी कुंडीला टेकलेली होती. आणि हे असं. पानही गेलं कुठंतरी उडून."

धाकटी ओट्याशी पाठमोरी भाजी चिरत होती. आता बोलायचं, असं तिनं ठरवलं. एवढा कांदा झाला की.

"झारी कुंडीला?" अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज अगदी लहान झाला. "झारी नळाखाली होती."

"नव्हती अण्णा."

मग अण्णाच म्हणाले, "मग मीच मोडलं असेल. मीच. अंग टेकलं असेल. तुझ्या आईच्या झाडाचं ना ते?"

कांदा चिरून झाला. धाकटीनं दुसरा घेतला.

थोरलीनं दुसऱ्या दिवशी गच्चीला कुलूप लावलं. रागानं नव्हे. "उद्या अण्णा स्वतःच धडपडतील," ती म्हणाली, "मग बसू रडत." किल्ली तिनं मशीनच्या खणात ठेवली आणि पाणी स्वतःच घालायला लागली. काडी महिन्याभरात सुकली. कुंडी उचलायचा तिला धीर झाला नाही.

इकडे अण्णांचं काही वेगळंच सुरू झालं. चहाचा कप समोर आला की ते म्हणायचे, "तूच धर जरा, सांडेल माझ्याकडून." आंघोळीचा तांब्या दोन्ही हातांनी धरायचे. ठेवलेला चष्मा जागेवरच असला तरी आधी कुणाला तरी विचारायचे, "मी इथंच ठेवला होता का गं?" झाडांची चौकशी कधी केली नाही. दिवसभर खुर्चीत हात मांडीवर पालथे ठेवून बसायचे, दुसऱ्याच्या वस्तू सांभाळायला दिल्यासारखे.

धाकटीच्या उजव्या हाताच्या बेचक्यांत काळे डाग उठले होते. अंजिराचा चीक आणि वर ऊन, दुसरं काय. "शाई सोसत नाही तुला," म्हणत थोरलीनं मलमाची डबी आणून दिली, स्वतः बोटांच्या मधे लावून दिलं. "एवढं काम करू नकोस गं. हाताची काय दशा करून घेतलीस." धाकटीनं मान खाली घातली ती वर करवेना. थोरलीला वाटलं झोंबतंय. तिनं फुंकर घातली.

सांगायचं तिनं कितीदा ठरवलं. जिन्यात अण्णा एकटे भेटायचे, आणि ती बाजूला होऊन त्यांना वाट द्यायची. नवऱ्याला सांगावं म्हटलं तर तो थट्टा करेल आणि मग गप्प बसेल, आणि त्याचं गप्प बसणं तिला सोसणार नव्हतं. प्रदर्शन होऊन जाऊ दे, मग सांगते, असं तिनं स्वतःला बजावलं. कलादालनाच्या बाईंनी ते चित्र पाहताक्षणी समोरच्या भिंतीसाठी उचललं होतं. "आणि ही भोकं," त्या चष्मा कपाळावर सारून म्हणाल्या होत्या, "किडीनं पाडलीयत ना? किती सुंदर." धाकटी म्हणाली, "हो."

प्रदर्शनाच्या दिवशी सगळं घर आलं. थोरलीनं अण्णांना इस्त्रीचा सदरा घातला आणि हाताला धरून आणलं. दारातच ती पाटी होती. अण्णा अजून सगळं मोठ्यानं वाचायचे. "यातलं, एकही पान, तोडलेलं नाही," त्यांनी वाचलं आणि धाकटीकडे वळून म्हणाले, "वा." धाकटी पाण्याचा ग्लास आणायच्या निमित्तानं तिथून सरकली.

परत आली तर थोरली समोरच्या भिंतीशी उभी होती. नाक लावून. बाई शेजारी उभ्या राहून समजावत होत्या, "हे आमचं सगळ्यात लाडकं. ही किडीची भोकं पाहा, ओळीत कशी पडलीयत."

"ओळीत," थोरली म्हणाली. "दोन्हीकडून सारख्या अंतरावर. कीड शिवणाच्या वर्गाला गेलेली दिसतेय."

बाई हसल्या. थोरली हसली नाही. तिनं मान वळवून धाकटीकडे पाहिलं, मग तिच्या उजव्या हाताकडे. हातातला ग्लास धाकटीला कुठे ठेवावा कळेना.

तेवढ्यात अण्णा पुढे झाले. त्यांनी चित्र न्याहाळलं, आणि कित्येक दिवसांत कुणी पाहिलं नव्हतं असं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर आलं.

"हे आपल्या अंजिराचं ना? मी मोडलं ते?" ते थोरलीला म्हणाले. "बघ, वाया नाही गेलं. हिनं उचलून त्याचं केवढं केलं बघ." आणि बाजूला उभ्या असलेल्या एका अनोळखी गृहस्थांना त्यांनी अभिमानानं सांगितलं, "पान मी तोडलं बरं का. चित्र सूनबाईचं."

गृहस्थ मजेत होते. "पण आजोबा, दारात तर लिहिलंय, एकही पान तोडलेलं नाही."

अण्णांचा चेहरा पडला. त्यांनी पाटीकडे पाहिलं, चित्राकडे पाहिलं, आणि हात जोडून बाईंकडे वळले. "तिची चूक नाही हो. तिनं नुसतं पडलेलं उचललं. तोडणारा मी. मला हल्ली कळत नाही. तिची पाटी माझ्यामुळे खोटी पडली, तिला बोलू नका."

थोरली फक्त धाकटीकडे बघत राहिली, सुईत दोरा ओवताना बघायची तशी.

"अण्णा," धाकटी म्हणाली. तिनं ग्लास खाली फरशीवर ठेवला. "अण्णा, पान मी तोडलं. फांदी माझ्या हातून मोडली. तुम्ही झोपला होता."

गृहस्थांना पलीकडच्या भिंतीवरचं काहीतरी एकदम महत्त्वाचं वाटायला लागलं. बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. धाकटीचा नवरा, ज्याला प्रत्येक गोष्टीवर काहीतरी सुचायचं, जमिनीकडे बघत होता.

अण्णांनी ऐकलं. ते रागावले नाहीत. विचार करत राहिले, हिशेब जुळत नसल्यासारखे.

"आणि झारी?" त्यांनी विचारलं.

"काय अण्णा?" थोरली म्हणाली.

"झारी कुंडीपाशी होती म्हणालीस तू." ते धाकटीकडे वळले. "फांदीचं काय, धक्का लागतो माणसाचा. म्हाताऱ्याचा लागतो, तरुणाचा लागतो. पण झारी मी दुसरीकडे ठेवीन आणि ते मला आठवणार नाही... मी रोज बसून आठवत होतो. नळाखाली ठेवल्याचं आठवतं मला, मूठ भिंतीकडे. आणि होती कुंडीपाशी. तेव्हाच मी धरलं, की आता आपल्या डोक्याचा भरवसा नाही."

'वाटेत होती म्हणून सरकवली' हे वाक्य धाकटीच्या ओठांशी तयार होतं. किती दिवस तयार होतं. झारी वाटेत नव्हती.

"मी सरकवली," ती म्हणाली.

"का?"

"तुमच्यावर जावं म्हणून."

अण्णांनी मान हलवली. मग हळूच विचारलं, "हातानं?"

"पायानं."

"पायानं," अण्णा म्हणाले. आणि थोरलीचा हात धरून, "चल गं, बसू कुठेतरी."

टॅक्सीनं सगळे घरी आले. जिन्याशी आल्यावर थोरली थांबली. धाकटीला वाटलं, आता सुनावणार. ती तेवढ्याचीच वाट बघत होती.

"ती मलमाची डबी वापरून झाली असेल तर परत दे," थोरली म्हणाली आणि वर गेली. थोड्या वेळानं मशीनचा खण उघडल्याचा आवाज आला, मग गच्चीचं कुलूप काढल्याचा.

पाटी बाईंनी दुसऱ्याच दिवशी काढली. चित्राचं काय करू, असा फोन आला तेव्हा धाकटी म्हणाली, उतरवा, फाडून टाका. थोरली मागे उभी होती. "फाडायचा हक्क तुला कुणी दिला?" ती म्हणाली. "माझ्या आईच्या झाडाचं आहे." आता ते तिच्या मशीनसमोर लागलंय. कपडे न्यायला येणाऱ्या बायका विचारतात, कुणी काढलं हो, आणि थोरली सांगते, "खालच्या बाईनं." धाकटीला ते खाली ऐकू येतं. मशीन थांबलेलं असतं तेव्हा सगळंच ऐकू येतं.

अण्णा पुन्हा गच्चीवर जायला लागले. कपही स्वतः धरतात, निदान सगळ्यांसमोर. धाकटीशी पूर्वीसारखंच बोलतात, मुद्दाम जरा जास्तच, आणि तिला ते जास्त झोंबतं. एकदा टिपकागद वाळत घालताना तिनं पाहिलं. अण्णांनी कुंड्यांना पाणी घातलं, झारी नळाखाली ठेवली, मूठ भिंतीकडे केली. जिन्याच्या दोन पायऱ्या उतरले. मग थांबले, कठडा धरून परत वर आले आणि झारीकडे पाहिलं. ती तिथंच होती. ते पुन्हा उतरायला लागले, आणि पुन्हा थांबून मागे वळले.

या वेळी त्यांनी झारीकडे नाही, दोरीआड उभ्या असलेल्या तिच्याकडे पाहिलं.

"मी इथंच ठेवली ना गं?" त्यांनी विचारलं.

"हो अण्णा," ती म्हणाली. "नळाखाली."

त्यांनी मान हलवली. तरी एकदा जवळ येऊन, वाकून मुठीला हात लावून गेले.